नृत्याचा पदव्युत्तर अभ्यास आणि वाशिमचा वारसा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रांमध्ये एक नर्तकी आहे. तिच्या भोवती वादक स्त्रियांचा मेळा आहे. ही चित्रे वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील मानली जातात आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम होय. नर्तकीची ती मुद्रा पंधराशे वर्षे टिकली. परंतु त्यापूर्वी तिचे पाऊल कसे पडले व त्यानंतर ती कोणत्या बाजूस वळली, हे आज कोणीही सांगू शकत नाही. नृत्य देहात वसते आणि नोंद न झाल्यास देहाबरोबरच लोप पावते. नृत्याच्या उच्च शिक्षणाचे महत्त्व या एका गोष्टीत सामावले आहे.

वत्सगुल्माची कथा

राजशेखराने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा सांगितली आहे. वेष, विलास म्हणजे देहाच्या हालचालींचा डौल, आणि वाणी या तिन्हींचा विचार त्याने एकत्र केला. दक्षिणेकडील डौलास त्याने ‘कैशिकी वृत्ती’ म्हटले. नृत्य व गीत यांना प्राधान्य असलेली ही सुकुमार वृत्ती होय.

अभ्यासाचे स्वरूप

पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणजे केवळ आणखी काही रचना बसविणे नव्हे. साधारणतः दोन वर्षांच्या या शिक्षणात गुरुजनांसमोरील रियाज असतोच. त्याला भरताचे ‘नाट्यशास्त्र’, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने सिद्ध झालेला शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’, तालविचार, नृत्यरचना आणि संशोधन यांची जोड मिळते. शब्दांनी न सुटणारा प्रश्न येथे देहाने करून पाहिला जातो. हालचाल कागदावर उतरविण्याच्या पद्धतीही आहेत. रुडॉल्फ लाबान यांनी 1928 मध्ये प्रसिद्ध केलेली चिन्हलिपी त्यांपैकीच एक होय.

आपल्या राज्यात मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय आणि पुणे विद्यापीठात 1987 मध्ये सुरू झालेले ललित कला केंद्र येथे अशा शिक्षणाची सोय आहे. नालंदाच्या संस्थापिका डॉ. कनक रेळे यांनी मोहिनीआट्टमचे, तर पुण्यात रोहिणी भाटे यांनी कथकचे अध्यापन करून नृत्याला विद्याशाखेची प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रवेशाच्या वेळी प्रात्यक्षिकाची कसोटी असते. म्हणून पदवीचे शिक्षण घेत असतानाच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्यास चांगली पूर्वतयारी होते.

तांड्यावरील विद्या

वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अभ्यासविषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथील नंगारा वास्तुसंग्रहालयाचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. वस्तू संग्रहालयात ठेवता येतात. चाल मात्र ठेवता येत नाही. तीजेच्या सणाला टोपल्यांत गहू पेरून त्यांभोवती फेर धरणाऱ्या मुली, होळीच्या लेंगी गीतांवर पडणारी पावले, आरशांनी व नाण्यांनी जड झालेल्या फेटिया-कांचळीमुळे देहाला येणारा ठेका, या साऱ्यांत अभ्यासकाला प्रश्नच प्रश्न सापडतील. पाऊल गीताच्या कोणत्या अक्षरावर पडते? वेष बदलला की गिरकी बदलते काय? याची उत्तरे तांड्यावरील वृद्ध स्त्रियांच्या अंगी आहेत. त्यांच्या अनुमतीने व त्यांना श्रेय देऊन ती नोंदविणे हे कर्तव्य आहे.

हे काम तांड्यावरच वाढलेली मुलगी अधिक जाणतेपणाने करील, कारण तिला गीतांची गोरबोली कळते आणि फेरातील आपली जागाही ठाऊक असते. नाचून पोट भरते काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मंचाखेरीज अध्यापन व संशोधन हे मार्गही या पदवीने खुले होतात. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत प्रयोगकला हा विषय आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती व इतर पात्र घटकांतील विद्यार्थ्यांसाठी शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आपल्या अभ्यासक्रमास ती लागू आहे काय, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.

अजिंठ्याच्या चित्रकाराने एक क्षण वाचविला. तीजेचा फेर संपूर्ण वाचविणे आज शक्य आहे. तो ज्यांच्या पावलांत आहे त्या स्त्रिया अद्याप आपल्यात आहेत.