एक वार, दोन जीव

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या दोन बहिणी आमच्या नवजात शिशुकक्षात दाखल झाल्या. एक लालबुंद, अंगाने भरलेली. दुसरी पांढुरकी, सुकलेली. तिसऱ्या दिवशी भरलेलीच गेली. "डॉक्टरसाहेब, अशक्त होती ती राहिली आणि धडधाकट होती ती कशी गेली?" हा वडिलांचा प्रश्न मी अद्याप विसरलेलो नाही.

उत्तर वारेत होते. एकाच फलित बीजापासून झालेली बहुतेक जुळी एकाच वारेवर पोसली जातात आणि त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या परस्परांशी जोडलेल्या असतात. अशा गर्भारपणांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांत हा रक्तव्यवहार एकतर्फी होतो. देणाऱ्या गर्भाचे गर्भजल आटते. घेणाऱ्याचे अतोनात वाढते आणि जादा रक्ताच्या भाराने त्याचे हृदय थकते.

यावर गर्भाशयातच उपचार होऊ शकतो. बारीक दुर्बीण आत घालून वारेवरील या जोडवाहिन्या लेसरने बंद केल्या जातात. अमेरिकेतील डॉ. ज्युलियन डी लिया यांनी या पद्धतीचे पहिले अनुभव १९९० मध्ये प्रसिद्ध केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत केवळ जादा गर्भजल काढण्याशी तिची तुलना झाली. किमान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचे प्रमाण लेसरनंतर ७६ टक्के, तर गर्भजल काढल्यानंतर ५६ टक्के आढळले. अकाली प्रसूतीचा व मेंदूला इजा होण्याचा धोका मात्र लेसरनेही पूर्णपणे टळत नाही. भारतात ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत होते. म्हणून रुग्ण वेळेत पाठवणे हेच आपले काम.

त्या मातेच्या फायलीत सोनोग्राफीचे अहवाल होते. प्रत्येकात 'जुळा गर्भ' एवढेच लिहिलेले; वार एक की दोन, याचा उल्लेख कोठेच नव्हता. ही नोंद ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत खात्रीने करता येते. वार एकच असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी व्हावी. पोट एकाएकी वाढले, धाप लागू लागली, तर मातेने पुढील तारखेची वाट पाहू नये.

त्या दोघींतील अशक्त मुलगी आज महाविद्यालयात शिकते. ती भेटली की मला आनंद होतो आणि दुसरीची आठवणही होते. सहकारी डॉक्टरांना माझी एवढीच विनंती आहे : अहवालात 'जुळी' लिहिताना वारेविषयीची एक ओळ अवश्य लिहावी.