‘म्हे’ आणि ‘आपां’

नागापूरसारख्या औद्योगिक परिसरात वाढणाऱ्या आपल्या समाजातील मुलांची एक अडचण बहुतेक घरांना परिचित असेल. विवाहप्रसंगी राजस्थानातून पाहुणे येतात, ‘कद आया?’, ‘कठे रेवो?’ अशी आपुलकीने विचारपूस करतात. मुलाला प्रश्न कळतो. उत्तर मात्र मराठीत किंवा हिंदीत येते. मग जवळचेच कोणी वडीलधारे हसून म्हणतात, ‘‘याला मारवाडी येतच नाही, हा पक्का नगरी झाला!’’ थट्टेत द्वेष नसतो. तथापि पुढच्या प्रसंगी तो मुलगा पाहुण्यांपासून दूरच बसतो आणि जी बोली ऐकून ऐकून जिभेवर आली असती, तिची वाटच बंद होते.

यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला, त्यात सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्या सावकारांत मारवाडी मोठ्या संख्येने होते. मूळ प्रश्न कर्जाचा आणि व्याजाचा होता, तो झाकण्यात अर्थ नाही; परंतु वेगळ्या बोलीने त्यांचे परकेपण अधिक गडद केले असणार. त्यानंतर अवघ्या ७१ वर्षांनी, १९४६ मध्ये, नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. दरम्यानच्या पिढ्यांनी मराठी आपली केली होती. ज्या मराठीने गावातील परकेपण घालवले, तीच बोलल्याबद्दल आता घरात मुलाला परके ठरवायचे काय?

वहीचीच गोष्ट घ्या. महाजनी लिपीत काना-मात्रा बहुधा गाळल्या जात. जुन्या पेढ्यांवरचा विनोद अनेकांना आठवत असेल : ‘काकाजी अजमेर गया, बडी बही भेज दीजो’ असे पत्र आले आणि घरच्यांनी ते ‘काकाजी आज मर गया, बडी बहू भेज दीजो’ असे वाचून रडारड मांडली! आज ती लिपी कितीजणांना वाचता येते? मुलाला हसणाऱ्या साठीतल्या गृहस्थांनाही बहुधा नाहीच. २०१४ मध्ये महाजनी आणि तिची शेजारीण मोडी, दोन्ही लिपी युनिकोडच्या एकाच आवृत्तीत दाखल झाल्या. संगणकात त्यांना जागा मिळाली. दुकानातून त्या केव्हाच गेल्या होत्या. पण लिपी गेली म्हणून कोणी कोणाला समाजाबाहेरचे मानले नाही.

भाषा गेली तरी काय बिघडले, असे मात्र म्हणवत नाही. २०११ च्या जनगणनेत मारवाडी मातृभाषा सांगणारे सुमारे ७८ लाख लोक आहेत, आणि त्यांची गणना हिंदीखाली झाली आहे. राजस्थानीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळावे, असा ठराव राजस्थान विधानसभेने २००३ मध्ये केला. ते स्थान अद्याप मिळालेले नाही. आपल्या घरांतही मारवाडीची जागा पुष्कळदा मराठीने नव्हे, हिंदीने घेतली आहे. वस्तुतः मराठी मूल मारवाडीच्या अधिक जवळ उभे असते. हिंदीत ‘पानी’, मराठीत आणि मारवाडीत ‘पाणी’. ‘होळी’, ‘थाळी’, ‘फळ’ यांतील ‘ळ’ दोघींचा सामाईक. प्रमाण हिंदीत तो नाही. याहून सूक्ष्म साम्य सर्वनामात आहे. समोरच्याला वगळून मराठी माणूस ‘आम्ही’ म्हणतो, सामावून घेऊन ‘आपण’ म्हणतो. मारवाडीतही तसेच : वगळणारे ‘म्हे’, सामावणारे ‘आपां’. हिंदीचे ‘हम’ दोन्हींकडे चालते. एवढा बारीक भेद ज्या मुलाला मराठीने आधीच शिकवला आहे, त्याच्याविषयी आपण ‘म्हे’ वापरतो, हे मला खटकते.

धर्माने तर भाषेची अट कधीच घातली नाही. भगवान महावीरांनी अर्धमागधीत उपदेश केला आणि ती वाणी प्रत्येक श्रोत्याला आपापल्या भाषेत परिणत होत असे, असे आपले आगम सांगतात. आचार्य आनंदऋषिजी महाराज याच जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० मध्ये जन्मले, १९१३ मध्ये मिरी येथे दीक्षित झाले आणि पुढे श्रमण संघाचे आचार्य झाले. त्यांची मारवाडी किती शुद्ध आहे, हे कोणत्या श्रावकाने विचारले असेल? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत यांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला, तेव्हा आपल्या बाजारातील भाषा आणि प्रतिक्रमणातील भाषा एका पंक्तीत बसल्या.

शिवाय जो मुलगा ‘मला काहीच येत नाही’ म्हणतो, तो संवत्सरीला ‘खमतखामणा’ म्हणतोच; पर्युषणाला घरातल्या वृद्धा ‘पजूसण’ म्हणतात, तेही त्याला कळते. आजीजवळ बसून त्याने स्वयंपाकघरातल्या जिनसांची जुनी नावे विचारावीत. कढीला ‘खाटो’ म्हणतात, हे तिला सांगू द्यावे. तो चुकीचा उच्चार करील, तेव्हा शेजारच्या खोलीतून कोणी हसू नये.