तारांची जुडी व शेजाऱ्याची हजेरी

संगणकांच्या तारा जेथें एकत्र येतात त्या पेटीस स्विच म्हणतात. अशा दोन स्विचांमध्यें एकच तार असली, तर ती तुटतांच पलीकडचे सर्व संगणक मुके होतात. मग दुसरी जोडावी, हें कोणासही सुचेल. परंतु नुसती जोडून भागत नाहीं. सर्वांस उद्देशून आलेला निरोप स्विच आपल्या इतर सर्व पोर्टांतून, म्हणजे दारांतून, पुढें धाडतो. तो एका तारेनें गेला कीं दुसरीनें परत येतो, आणि ही फेरी थांबतच नाहीं. क्षणांत सारें जाळें तुंबतें. हा अनर्थ टाळण्यासाठीं स्पॅनिंग ट्री नांवाची व्यवस्था दुसरी तार बंद ठेविते. म्हणजे पैसे दोन तारांचे आणि काम एकीचें!

यावर तोड अशी कीं, दोन्ही तारांची जुडी बांधून ती एकच आहे असें स्विचास मानावयास लावावें. आय-ट्रिपल-ई या संस्थेनें याचे नियम २००० सालीं घालून दिले.

येथें एक गैरसमज फार रूढ आहे. एक गिगाबिटच्या दोन तारा जुळविल्या कीं कोणतीही फाईल दुप्पट वेगानें जाईल, असें लोक धरून चालतात. तसें होत नाहीं. एकाच पत्राचीं पानें दोन जासुदांच्या हातीं दिलीं, तर मागचें पान आधीं पोंचावयाचें! म्हणून स्विच पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता पाहून गणितानें एक तार ठरवितो आणि तें संभाषण तिच्यावरूनच चालवितो. लाभ होतो तो अनेकांचीं संभाषणें एकाच वेळीं चाललीं असतां, एकट्यास नव्हे.

जुडी दोन्ही टोकांस सारखी बांधली पाहिजे, हें खरें मर्म. हातानें बांधतांना एखादी तार भलत्याच दारांत खोंचली, तर कांहीं संभाषणें नीट चालतात व कांहीं नाहींशीं होतात. असला अर्धवट बिघाड शोधणें पूर्ण बिघाडाहून कठीण. एलएसीपी या पद्धतींत स्विच परस्परांस दर सेकंदास किंवा दर ३० सेकंदांनीं आपली ओळख पाठवितात. पलीकडचा तोच व कबूल असेल तरच तार जुडींत येते. तीन वेळां निरोप चुकला कीं बाहेर.

परंतु भिंतींतून गेलेली तार कोणत्या दारीं पोंचली, हें माणसास कसें कळावें? त्यासाठीं २००५ सालीं ठरलेला एलएलडीपी आहे. प्रत्येक यंत्र साधारणतः दर ३० सेकंदांनीं आपली ओळख, दाराची खूण व हें वृत्त किती काळ खरें मानावें (बहुधा १२० सेकंद) तें सांगतें. शेजारचा स्विच तें टिपून ठेवितो, पुढें धाडीत नाहीं.

मास्तरकीची संवय म्हणून सांगतों : ही हजेरी आहे, ओळखपत्र नव्हे. 'हजर' म्हणणारा आवाज दुसऱ्याचाही असूं शकतो, आणि तो पारखण्याची सोय एलएलडीपींत नाहीं. शिवाय यंत्राची माहिती परक्याच्याही कानीं जाते. म्हणून बाहेरच्यांसाठीं असलेल्या दारांवर तो बंद ठेवावा. मात्र जाळ्यावर चालणारे कित्येक टेबल-टेलिफोन आपली व्यवस्था याच निरोपांतून शिकतात. त्यांच्या दारांवर तो चालूंच ठेवावा लागतो.