बँड त्यांचा, पण नाव कुणाचं?

तुमच्या प्लेलिस्टमध्ये बीटीएस असो की ब्लॅकपिंक, के-पॉप फॅन असाल तर एक आकडा तुम्हाला पाठ असणारच. सात! डेब्यूला सात वर्षं होत आली की फँडममध्ये धाकधूक सुरू होते. करार वाढणार की बँड फुटणार? फॅन्सनी याला ‘सात वर्षांचा शाप’ असं नावही देऊन टाकलंय. खरं तर हा शाप वगैरे काही नाही. तो कागदावरचा नियम आहे आणि त्याच काळातली एक कोर्टकेसही आहे.

वर्ष २००९. टीव्हीएक्सक्यू हा कोरिया आणि जपान दोन्हीकडे गाजणारा पाच जणांचा बँड. त्यातले जेजुंग, युचुन आणि जुनसू हे तिघे आपल्याच एजन्सीविरुद्ध, म्हणजे एसएम एंटरटेनमेंटविरुद्ध कोर्टात गेले. करार होता तब्बल १३ वर्षांचा, आणि सक्तीच्या लष्करी सेवेचा काळ त्यात धरलेलाच नव्हता. म्हणजे अख्खी तरुणाई एका सहीत गेली! कोर्टाने तिघांना स्वतंत्र काम करायची मुभा दिली. त्याच वर्षी कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने नमुना करार आणला आणि मुदतीवर सात वर्षांची मर्यादा घातली.

तिघे सुटले, पण नाव मागेच राहिलं. टीव्हीएक्सक्यू म्हणून उरलेले दोघे गात राहिले. या तिघांनी आपली आद्याक्षरं जोडून ‘जेवायजे’ हे नाव घेतलं. अल्बम निघाले, पण टीव्हीवरच्या म्युझिक शोजची दारं वर्षानुवर्षं बंद. अखेर २०१५ मध्ये तिथल्या प्रसारण कायद्यात दुरुस्ती झाली. लोक तिला ‘जेवायजे कायदा’ म्हणूनच ओळखतात.

आता एजन्सीची बाजूही बघू. ट्रेनी म्हणून आलेल्या मुलामुलींना गाणं-नाच शिकवण्यापासून राहण्या-खाण्यापर्यंतचा खर्च एजन्सी करते. बँडचं नाव तीच ठरवते आणि ट्रेडमार्कही बहुतेक वेळा तीच नोंदवते. पैसे लावले त्याची मालकी, हा हिशेब अगदीच चूक नाही. पण त्या नावाला किंमत आली ती कुणाच्या गळ्यामुळे?

‘बीस्ट’चंच बघा. २००९ मध्ये डेब्यू केलेल्या या बँडचे पाच जण २०१६ मध्ये करार संपल्यावर क्यूब एंटरटेनमेंटमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव मात्र क्यूबकडेच राहिलं. २०१७ मध्ये हेच पाच जण ‘हायलाइट’ या नव्या नावाने स्टेजवर आले. माणसं तीच, आवाज तेच, ओळख मात्र पहिल्यापासून! बीस्ट हे नाव वापरण्याबाबत क्यूबशी समझोता झाला तो थेट २०२४ मध्ये.

सुदैवाने चित्र थोडं बदलतंय. २०२१ मध्ये ‘गॉट सेव्हन’चे सातही जण जेवायपी सोडून गेले, पण नावाचे हक्क मिळवूनच. म्हणून तर वेगवेगळ्या एजन्सीत असूनही २०२२ आणि २०२५ मध्ये ते गॉट सेव्हन म्हणूनच परत आले. ‘इन्फिनिट’ची गोष्ट तर आणखी गोड. २०२३ मध्ये लीडर सुंगक्यूला जुन्या कंपनीच्या प्रमुखांनी वाढदिवसाची भेट म्हणून बँडचा ट्रेडमार्कच देऊन टाकला.

गोड आहे खरं, पण हक्काची गोष्ट भेट म्हणून मिळावी लागते, हेही त्यात आलंच ना? त्यामुळे तुमच्या लाडक्या बँडची सात वर्षं भरत आली की फक्त ‘करार वाढला का?’ एवढंच शोधू नका. नाव कुणाकडे आहे, तेही बघा. आणि मित्रांसोबत बँड किंवा यूट्यूब चॅनेल सुरू करताय? मग लोगो डिझाइन करण्याआधी हाच प्रश्न एकमेकांना विचारा. उत्तर लेखी घ्या. दोस्ती टिकेल आणि नावही!