जेडची पाने गळतात, ती तहानेने नव्हे

पावसाळा सुरू होऊन महिना झाला की शहरातल्या अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. नर्सरीतून हौसेने आणलेले जेडचे रोप उन्हाळाभर छान होते. आता नुसता हात लागला तरी टपकन पान गळते. गुबगुबीत हिरवी पाने पिवळट होतात, पाणी भरल्यासारखी पारदर्शक दिसू लागतात आणि सकाळी कुंडीभोवती त्यांचा सडा पडतो. रोप मलूल दिसले की घरातले कुणीतरी त्याला पाणी घालते. तुळशीला घालून तांब्यात उरलेले पाणीही त्याच कुंडीत जाते. पुढच्या आठवड्यात आणखी पाने गळतात, म्हणून आणखी पाणी घातले जाते. शेवटी एक दिवस खोडच बुंध्याशी मऊ पडते आणि रोप आडवे होते.

जेड, एकेव्हेरिया, सेडम, पानफुटी अशा जाड, रसाळ पानांच्या झाडांना सक्युलंट म्हणतात. कुंडीतली ही झाडे पाण्याअभावी क्वचितच मरतात. ती मरतात प्रेमाने घातलेल्या जास्तीच्या पाण्याने.

रात्री दार उघडणारे झाड

जेड मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे. तिथे पाऊस पडेल तेव्हा पाणी पानांत आणि खोडात साठवायचे आणि पुढे ते पुरवून वापरायचे, अशी त्याची रीत आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्याच वाटेने त्यांच्यातले पाणी वाफ होऊन उडते. जेड मात्र ही दारे उन्हात मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करते.

या प्रक्रियेची एक जुनी नोंद भारतातच झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत आंबटपणा गेला. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा वापरले जाते, म्हणून चव बदलते, हा उलगडा पुढे झाला.

कुंडीतल्या रोपासाठी याचा अर्थ सरळ आहे. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना सर्वसाधारण झाड सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावते. जेडसारखे झाड ५० ते १००. त्यामुळे तुळशीला लागते तेवढे पाणी जेडला घातले, तर त्यातले बरेचसे कुंडीतच साठून राहते. पावसाळ्यात हवा दमट आणि ऊन कमी, म्हणून माती आणखी सावकाश वाळते.

ओल्या मातीत तहान

मुळांनाही प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधल्या हवेतून मिळतो. माती सतत ओली राहिली की हवेच्या जागी पाणी बसते आणि पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होतो. मुळे गुदमरतात, दुबळी होतात आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या ओल्या जागी वाढणाऱ्या रोगकारकांना बळी पडून कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. माती ओली असूनही वरची पाने सुरकुततात, आणि पाहणाऱ्याला वाटते की झाड तहानलेले आहे. खरा घोटाळा इथेच होतो.

पान गळणे ही झाडाने स्वतः केलेली क्रियाही असते. पान खोडाला जिथे जोडलेले असते, तिथे पेशींचा एक नाजूक थर असतो. निरोगी पानातून येणारे ऑक्झिन हे संप्रेरक तो सांधा टिकवून ठेवते. मुळे संकटात सापडली की ऑक्झिन कमी होते, इथिलीन वायू वाढतो आणि त्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. हा तोच वायू, जो पिकणाऱ्या केळ्यांतून आणि आंब्यांतून बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रस्त्यांवर दिव्यांच्या गॅसची गळती होई, तिथली झाडे अकाली पाने गाळत. त्या गॅसमधला झाडांवर परिणाम करणारा घटक इथिलीन आहे, हे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवले.

गळलेले पान काय सांगते?

उपाय करण्याआधी पान हातात घेऊन पाहावे. पिवळट, मऊ, पारदर्शक पान म्हणजे पाणी जास्त. चपटे, सुरकुतलेले पान आणि कोरडी ठणठणीत माती म्हणजे खरी तहान. अगदी तळाची एकदोन पाने वाळून गळत असतील, तर ते वयोमानाने होते, चिंता नको. हिरवी, टणक पाने अचानक गळू लागली, तर जागा बदलली का ते आठवावे. नर्सरीतल्या उजेडातून थेट अंधाऱ्या दिवाणखान्यात गेलेले रोप असे करते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण असतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढावा.

पाणी जास्त झाले असेल, तर रोप कुंडीतून अलगद बाहेर काढावे. पांढरट, टणक मुळे ठेवावीत. काळी, बुळबुळीत, वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. खोडही कुजले असेल, तर निरोगी भाग लागेपर्यंत कापत जावे. मग रोप तीनचार दिवस सावलीत उघडेच ठेवावे, म्हणजे जखमा सुकतात. नव्या मिश्रणात निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू, बारीक खडी किंवा विटांचा चुरा असावा. लावल्यावर साधारण आठवडाभर पाणी घालू नये.

कुंडीला तळाशी भोक हवेच. भोक नसलेल्या कुंडीत खाली खडीचा जाड थर टाकला की पाणी निचरते, हा समज चुकीचा आहे. पाणी बारीक कणांच्या मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच अडून राहते आणि ओल उलट मुळांजवळ येते. भोकावर माती अडवण्यापुरते खापर पुरेसे आहे.

पाणी वाराप्रमाणे न घालता माती पाहून घालावे. लाकडी काडी दोन इंच आत खुपसावी. ती कोरडी बाहेर आली तरच पाणी घालावे. घालताना मात्र तळाच्या भोकातून वाहेपर्यंत घालावे. मुसळधार पावसाच्या महिन्यांत कुंडी छताखाली, पण भरपूर उजेडात ठेवावी.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. हे झाडाइतकेच घरातल्या माणसांसाठीही गरजेचे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करावी. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर जेडची पाने त्याच्या तोंडी लागणार नाहीत, असे पाहावे. ती खाल्ल्याने त्यांना उलट्या होऊ शकतात.

गळलेली सगळी पाने टाकून द्यायची गरज नसते. पारदर्शक पडलेली कामाची नाहीत. पण हिरवी, टणक पाने दोन दिवस सुकवून कोरड्या मिश्रणावर नुसती आडवी ठेवावीत. काही आठवड्यांत त्यांच्या देठाकडून गुलाबी-पांढरी मुळे आणि इवलीशी पाने फुटतात. ती मुळे दिसेपर्यंत मात्र पाण्याचा तांब्या दूरच ठेवलेला बरा.