इंग्लंडांतील पायवाट

इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडील वैशाखवणवा नव्हे, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे पेनाइन टेकड्यांवर चढतात आणि ऐन जूनजुलईंतहि कित्येकदां दिवसभर बारीक भुरभुर चालते. आपल्या श्रावणसरींप्रमाणें ती बरसून मोकळी होत नाहीं. अंगावरची लोकर नकळत ओली करीत राहते. अशा दिवशीं घरीं बसावें असें आपणांस वाटेल; तेथील हौशी लोक मात्र बूट चढवून बाहेर पडतात.

मँचेस्टर व शेफील्ड यांमधील लोहमार्गावर ईडेल हें लहानसें खेडें आहे. तेथें उतरावें, दगडी कुंपणांतील फाटक उघडावें, मागें आठवणीनें लावून घ्यावें, आणि मेंढ्यांच्या कुरणांतून किंडर स्काउटच्या ६३६ मीटर उंच पठाराकडे चालूं लागावें. शेत दुसऱ्याचें, पण वाट सर्वांची! हा हक्क कायद्यानें रक्षिलेला आहे. शेतांतून जाणारी पायवाट नांगरली गेल्यास ती ठराविक मुदतींत पूर्ववत् करून देणें हें शेतकऱ्याचें कर्तव्य ठरतें.

पठारावर हिंडण्याची मोकळीक मात्र सुखासुखीं मिळालेली नाहीं. एकेकाळीं तें धनिकांनीं ग्राउज नांवाच्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठीं राखून ठेविलें होतें. ता. २४ एप्रिल १९३२ रोजीं, रविवारीं, कांहींशें तरुण बेनी रॉथमन याच्या पुढारीपणाखालीं मनाई मोडून वर चढले. रखवालदारांशीं झटापट झाली. पांच जणांस दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढें १९४९ सालीं कायदा झाला, १९५१ सालीं हा प्रदेश ब्रिटनचें पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० सालच्या कायद्यानें मोकळ्या माळरानांवर पायीं हिंडण्याचा हक्क मिळाला.

भिजून परतल्यावर गांवांत ‘ओल्ड नॅग्ज हेड’ हा पब लागतो. २६८ मैल लांबीच्या पेनाइन वाटेचा आरंभ याच्याच दारीं होतो. पब हें मद्यगृह खरें. परंतु खेड्यांत तें गांवच्या पारासारखें असतें, आणि तेथें मुलाबाळांसह नुसतें जेवावयासहि लोक येतात. अशा पबांतून ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरकऱ्याची भाकरी, पुष्कळदां मिळते: पाव, चीज आणि शिरक्यांत मुरलेला कांदा. शाकाहारी पाहुण्यास ती सोयीची. मात्र कांहीं चीजांत वासराच्या जठरांतील विरजण असतें, म्हणून विचारून घ्यावें. नांवावरून हें ताट प्राचीन वाटतें. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चीज खपविणाऱ्यांच्या जाहिरातींनीं तें नांव रूढ केलें.

कुरणांतील पायवाटा मात्र खरोखरच पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. न चाललेली वाट कांटेरी झुडपांनीं बुजते, आणि बुजलेल्या वाटेसाठीं कोणी भांडत नाहीं. म्हणून भुरभुरत्या पावसांतहि बाहेर पडणारीं तीं कुटुंबें केवळ करमणूक करीत नसतात. वाडवडिलांकडून आलेला हक्क जागता ठेवीत असतात.