जागतिक व्यवसाय आणि वऱ्हाडातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी : एक भाषिक विचार

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली सुरू झाले. पुढे अकोल्यातही या शिक्षणाची सोय झाली. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि या शिक्षणास नवा संदर्भ प्राप्त झाला. करारात समाविष्ट अशा अधिमान्य पदव्यांची समतुल्यता सदस्य देश परस्परांत मान्य करतात. अशा पदवीधराच्या अंगी जे गुण अपेक्षित आहेत, त्यांत संज्ञापनाचा स्वतंत्र निर्देश आहे.

संज्ञापन म्हणजे इंग्रजी संभाषण, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. तो अपुरा होय. अभियंत्याने व्यवसायबंधूंशी आणि एकंदर समाजाशीही परिणामकारक संवाद साधावा, अशी मूळ अपेक्षा दुहेरी आहे. २०२१ च्या सुधारित रूपात तर सांस्कृतिक व भाषिक भेद ध्यानी घेण्याचाही उल्लेख आहे.

वऱ्हाडातील पुष्कळ विद्यार्थी तीन भाषारूपांतून जातात. घरी 'मले' आणि 'डोया', शाळेत 'मला' आणि 'डोळा', महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथ. पहिल्या वर्षी असा विद्यार्थी वर्गात गप्प राहिला, तर त्याचे मौन हेच अज्ञान समजले जाण्याचा धोका असतो. उदाहरणार्थ, 'स्ट्रेस' व 'स्ट्रेन' या दोहोंसाठी व्यवहारात 'ताण' हा एकच शब्द पुढे येतो. शास्त्रात पहिला म्हणजे पदार्थाच्या अंतर्भागी एकक क्षेत्रफळावर येणारे बल, अर्थात प्रतिबल. दुसरा म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल, अर्थात विकृती. विद्यार्थ्याने हा भेद प्रथम स्वभाषेत मांडला व नंतर इंग्रजीत लिहिला, तर चूक संकल्पनेची की वाक्यरचनेची, हे अध्यापकास तत्काळ उमगते. एरवी दोन्ही चुकांना एकच शिक्षा होते.

या अभ्यासास विषयही जवळच आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा पसरला आहे. तेथील एखाद्या पाणीपुरवठा योजनेवर विद्यार्थ्याने दोन टिपणे लिहावीत : एक गावकऱ्यांसाठी वऱ्हाडीत, दुसरे परदेशी तज्ज्ञासाठी इंग्रजीत. पहिल्यात क्षारांचे प्रमाण चवीच्या व पिकाच्या अनुभवातून सांगावे लागेल, दुसऱ्यात मिलिग्रॅम प्रतिलिटर या मापाने. दोहोंतील आशय एकच राहिला की नाही, हीच खरी परीक्षा.

इंग्रजीची आवश्यकता यामुळे उणावत नाही. तथापि एका भाषारूपातून दुसऱ्यात आशय अबाधित नेण्याची जी सवय जागतिक व्यवसायास हवी, तिचा पाया या विद्यार्थ्याजवळ आधीपासूनच असतो. त्यास दोष मानावयाचे की भांडवल, हे अध्यापनाने ठरवावयाचे आहे.